घरातल्या सगळ्यांचा एक दिवस

कामाच्या तासांविषयी गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे जी चर्चा झाली, तिच्यातला माणूस जवळजवळ नेहमीच एकटा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या बोलण्यात तो आकडा ९० वर गेला, आणि दोन्ही वेळा जो वाद पेटला तो मुख्यतः त्या एका माणसाच्या झोपेचा, प्रकृतीचा आणि उत्पादकतेचा होता. घराचा विषय निघाला, पण सुट्टीच्या दिवशी घरी बसून माणूस करणार तरी काय, अशा अंगाने निघाला. ज्या घराविषयी हे बोलले जाते त्या घरात आणखी चार माणसे असतात, त्या चौघांच्या आठवड्यालाही आपापला क्रम असतो आणि त्या सगळ्यांच्या वेळा कुठेतरी एकमेकींना भेटल्याशिवाय घर चालत नाही, याची दखल फारच थोड्यांनी घेतली. माझे म्हणणे असे आहे की किती तास काम करायचे हा जसा सार्वजनिक प्रश्न आहे, तसाच आणि तेवढाच मोठा प्रश्न घरातल्या माणसांना एकत्र असा वेळ मिळतो की नाही हा आहे. साप्ताहिक सुट्टी ही सामायिक मालमत्ता आहे आणि तिचे वाटप ज्याच्या-त्याच्या सोयीवर किंवा मालकाच्या वेळापत्रकावर सोडून चालणार नाही.

पिंपरी-चिंचवडमधले कोणतेही कामगार घर पाहिले तरी हे लक्षात येते. भोसरी, चिंचवड, पिंपरी या एमआयडीसीच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्यात विभागला जावा म्हणून राज्यातल्या औद्योगिक क्षेत्रांना वेगवेगळे वार नेमून दिले गेले, आणि या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. विजेच्या हिशेबाने ती व्यवस्था समंजस होती. पण शाळा त्या हिशेबात नव्हत्या. गुरुवारी वडील घरी असतात तेव्हा मुले शाळेत असतात, शाळेतून शिकवणीला जातात आणि परत येतात तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाळीसाठी पहाटे उठायचे म्हणून वडिलांची निजायची वेळ होत आलेली असते. रविवारी मुले घरी असतात आणि वडील कंपनीच्या बसमध्ये. आई एखाद्या मोठ्या दुकानात किंवा मॉलमध्ये कामाला असेल, तर तिची सुट्टी शनिवार-रविवारी असणे जवळपास अशक्यच, कारण त्याच दिवशी गिऱ्हाईक येते. तिला मंगळवार मिळतो, पुढच्या महिन्यात कदाचित बुधवार मिळतो. कायद्याने पाहिले तर या घरातल्या प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी मिळालेली आहे आणि तरीही त्या घराला सुट्टीचा एकही दिवस नाही.

हा प्रश्न आज निर्माण झालेला नाही, आणि त्याचे पहिले उत्तर याच राज्यात, मुंबईच्या गिरणगावात, शोधले गेले होते. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर किती थोडे मागितले होते याचेच वाईट वाटते: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्याला निर्वाह. त्या काळी गिरणी एखाद्या रविवारी बंद असली तरी यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावले जाई, म्हणजे जो दिवस सुट्टीचा म्हणून गणला जाई तोही हाती लागत नसे. सहा वर्षे हा पाठपुरावा चालला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली.

या इतिहासातली एक बाजू मला आजच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटते. लोखंड्यांनी आठवड्यातून कोणताही एक दिवस मागितला नव्हता, सर्वांना मिळून एकच वार मागितला होता. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्यांच्या मांडणीत होता असे सांगितले जाते. तो मुद्दा धर्माचा म्हणून वाचला तरी त्यामागचे व्यवहारज्ञान नजरेआड करू नये. घाटावरून आणि कोकणातून आलेला, दाटीवाटीच्या खोल्यांत आणि खाणावळीच्या आधाराने राहणारा कामगार त्या एका दिवशी आपल्या गावच्या, आपल्या भजनी मंडळाच्या, आपल्या तालमीच्या माणसांना भेटू शकला पाहिजे, आणि ते वेगवेगळ्या गिरण्यांत कामाला असले तरी सगळ्यांना तो दिवस मोकळा असला पाहिजे. पुढच्या काळात गिरणगावात जे उभे राहिले, म्हणजे कबड्डीचे संघ, व्यायामशाळा, कामगारांची नाटके, शाहिरांचे कार्यक्रम, गणेशोत्सवाची आणि युनियनची सभासंमेलने, ते सामायिक वेळेशिवाय उभे राहिले नसते. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी स्थापन झाला आणि त्यातून कामगारांच्या नाट्यस्पर्धा, क्रीडास्पर्धा, वाचनालये चालली, तीही याच पायावर. तालीम करायला बारा माणसे एका वेळी मोकळी असावी लागतात. एकाला सोमवारी आणि दुसऱ्याला शुक्रवारी सुट्टी असेल तर नाटक बसत नाही.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यानेही हे तत्त्व पत्करले होते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यात आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून मोजला होता आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रौढ कामगाराला कामावर बोलावता येणार नाही असे म्हटले होते, म्हणजे मूळ नियम रविवारचाच होता. बदली सुट्टी देण्याची मुभा तिथे अपवाद म्हणून येत होती, आणि तरीही सलग दहा दिवसांहून अधिक काम सुट्टीशिवाय घेता येत नव्हते. पुढे व्यवहारात हा अपवादच नियम होऊन बसला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्याची वाट मोकळी केली. कामगाराला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी मिळालीच पाहिजे ही अट तिथे आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ती सुट्टी कोणत्या वारी, किती आधी सांगून, आणि घरातल्या इतरांच्या सुट्टीशी तिचा काही मेळ बसतो का, याविषयी कामगाराच्या हाती फारसे काही राहत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० वर नेण्यास मंजुरी दिली, तसेच कारखान्यांतील ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली. या निर्णयाच्या समर्थनात जे सांगितले जाते ते मी हलके मानत नाही. ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी मिळते, कामगाराची लेखी संमती लागते, गुंतवणूक येते, आणि चार दिवस बारा-बारा तास काम केले तर ४८ तास भरून तीन दिवस मोकळे मिळू शकतात. यातला शेवटचा मुद्दा ऐकायला फार चांगला वाटतो, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. बारा तासांच्या पाळीला जाण्यायेण्याचे दोन तास जोडले की चौदा होतात. उरलेल्या दहा तासांत झोप, आंघोळ, जेवण. म्हणजे कामाच्या चार दिवसांत लहान मूल बापाला, किंवा आईला, जागेपणी जेमतेम भेटणार. शिवाय मोकळे तीन दिवस सलग मिळतील, ते आधी ठाऊक असतील आणि त्यातला एखादा तरी रविवार असेल, याची हमी कुठे आहे? कंत्राटी कामगाराच्या लेखी संमतीविषयी तर बोलायलाच नको. ज्याचे काम उद्या राहील की नाही हे ठेकेदाराच्या हाती आहे, त्याच्या सहीला मोकळी इच्छा म्हणणे मला पटत नाही. दिवसाची मर्यादा म्हणजे संध्याकाळ वाचवणारा कायदा होता. आठवड्याचे एकूण तास तेवढेच ठेवले म्हणून संध्याकाळ गेल्याची भरपाई होत नाही, कारण मुलाचा अभ्यास, म्हाताऱ्या आईचे औषध आणि नवराबायकोचे दोन शब्द यांना रोजचा वेळ लागतो. तो साठवून तीन दिवसांत एकदम खर्च करता येत नाही.

आता या सगळ्यातला जो भाग आपण सर्वांत कमी बोलतो त्याकडे येतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांची नऊ, अंतर जवळपास जसेच्या तसे राहिले. दिवसाच्या २८९ मिनिटांचा आठवड्याचा हिशेब केला तर सुमारे ३४ तास होतात. सत्तर तास काम करण्याचा सल्ला ज्या माणसाला दिला जातो, त्याचा डबा आणि त्याचे धुतलेले कपडे या ३४ तासांतून निघतात; त्याच्या मुलांचा गृहपाठ आणि त्याच्या आईवडिलांची दवाखान्याची फेरी यांचा वेळ त्याहून वेगळा. हा दुसरा आठवडा नसेल तर तो पहिला आठवडा दोन दिवसही चालणार नाही. आणि या दुसऱ्या आठवड्याला रविवार नाही. उलट रविवारी तो वाढतो: सगळे घरी, म्हणून नाश्ता वेगळा, जेवण साग्रसंगीत, पाहुणे, आठवड्याचे कपडे, पुढच्या आठवड्याची भाजी निवडणे. नोकरी करणाऱ्या स्त्रीचा रविवार सोमवारहून जास्त दमवणारा असतो, हे आपल्यापैकी ज्याने स्वतःच्या घरात डोळे उघडे ठेवले असतील त्याला वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तेव्हा कर्मचाऱ्यांना कुटुंबासाठी वेळ मिळेल असे कारण सांगितले गेले होते. कारण योग्यच होते. परंतु दोन दिवसांची सुट्टी घरात आल्यावर ती आपोआप सगळ्यांची होत नाही. ज्या घरात स्वयंपाकाची पाळी लागत नाही तिथे नवऱ्याचा शनिवार म्हणजे बायकोच्या वाट्याला आणखी एका माणसाचे दुपारचे जेवण. सामायिक सुट्टीची मागणी मी करतो तेव्हा तिच्यात सामायिक कामाची अट धरूनच करतो. पुरुष कामगारांना संध्याकाळ मिळावी म्हणून भांडणाऱ्या प्रत्येक संघटनेने त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात काय करणार हेही आपल्या सभांत बोलले पाहिजे.

घरकाम पगारावर करणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली आणि रजा, बोनस, पगारवाढ हे शब्द पहिल्यांदाच या कामाला जोडले गेले. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. तरी आजही असंख्य घरांत तिची साप्ताहिक सुट्टी ही हक्काची गोष्ट नाही. ती आली नाही तर तो 'खाडा' होतो आणि त्याचे पैसे कापले जातात. आपल्या कार्यालयाने शनिवारी बोलावले तर चिडणारी, आणि ते चिडणे अगदी रास्त असणारी, सुशिक्षित मंडळी रविवारी दहा वाजता बाई आली नाही म्हणून फोन करतात. आपला रविवार आपल्याला हवा असेल तर तिचा रविवार तिला देणे हे त्याच तत्त्वात बसते, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

काही कामे रविवारी थांबवता येत नाहीत, हे उघड आहे. रुग्णालय, एसटी, लोकल, अग्निशमन, पाणीपुरवठा, पोलीस ही यादी मोठी आहे आणि या सेवांमुळेच बाकीच्यांना सुट्टी उपभोगता येते. मुंबईत रेल्वेमार्गांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉकसुद्धा रविवारी घेतात, कारण त्या दिवशी गर्दी कमी असते, आणि रुळांवर उतरणाऱ्या कामगारांचा रविवार त्यात जातो. पण अशा सेवांमध्ये माणसाच्या वेळेचा विचार करताच येत नाही हे मला मान्य नाही. मुंबई पोलिसांचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. वर्षानुवर्षे बारा तास आणि त्याहून जास्त काळ उभ्या असणाऱ्या शिपायांसाठी, एका पोलीस कर्मचाऱ्यानेच मांडलेल्या आराखड्यावरून, २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि पुढे ती शहरातल्या इतर ठाण्यांपर्यंत नेण्यात आली. मनुष्यबळ अपुरे असताना, बंदोबस्ताचा ताण असताना, ज्या खात्यात हे अशक्य मानले जात होते तिथे ते करून पाहिले गेले. ते कायम टिकवणे अवघड आहे, हे खरे. पण तसा प्रयत्न न करणाऱ्या खासगी आस्थापनांना 'आमच्या कामाचे स्वरूपच तसे आहे' असे म्हणण्याचा अधिकार त्यानंतर उरत नाही.

कार्यालयीन नोकरदारांच्या सुट्टीवर वेगळ्या बाजूने अतिक्रमण झाले आहे. सुट्टीचा दिवस कागदावर असतो, पण फोन खिशात असतो, आणि रविवारी दुपारी आलेला वरिष्ठांचा निरोप वाचला आहे हे त्यांना तिकडे दिसत असते. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत यापूर्वी मांडले आहे. खासगी विधेयके क्वचितच कायदा होतात, परंतु फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून अशा तरतुदी अमलात आहेत, तेव्हा ही कल्पना हवेतली नाही. माझा आग्रह एवढाच की हा हक्क फक्त संगणकासमोर बसणाऱ्यांसाठी मागितला जाऊ नये. घरपोच सामान देणारा मुलगा, ज्याला साप्ताहिक सुट्टी घ्यायला कोणी अडवत नाही पण घेतली तर त्या दिवसाची कमाई आणि प्रोत्साहनपर रक्कम दोन्ही जातात, त्याचाही विचार याच चर्चेत व्हायला हवा.

सुट्टी मिळाली तरी ती घालवायची कुठे, हाही धोरणाचाच भाग आहे. शहरातली उद्याने दुपारी बंद असतात, अनेक ग्रंथालये सुट्टीच्याच दिवशी बंद असतात, मैदाने लग्नसमारंभांना आणि प्रदर्शनांना दिलेली असतात. चार माणसांच्या कुटुंबाने नाटक पाहायचे म्हटले तर तिकिटांचा खर्च महिन्याच्या हिशेबात बसत नाही. मग उरतो तो मॉल, जिथे थंड हवा फुकट मिळते आणि बाकी सगळे विकत, आणि जिथे आपली सुट्टी साजरी व्हावी म्हणून दुसऱ्या कोणाची तरी आई रविवारी दहा तास उभी असते.

मग करायचे काय? माझ्या मते सरकारने पहिल्यांदा औद्योगिक क्षेत्रांच्या साप्ताहिक सुट्टीचा फेरविचार करावा. विजेच्या ज्या टंचाईतून वार विभागले गेले ती परिस्थिती आज तशीच आहे का, हे तपासून जिथे शक्य असेल तिथे रविवार परत द्यावा. जिथे शक्य नसेल तिथे त्या परिसरातल्या शाळांनी महिन्यातून किमान एकदा त्या वाराशी आपली सुट्टी जुळवून घ्यावी, जेणेकरून गुरुवारची सुट्टी असलेल्या बापाला आपल्या मुलीबरोबर एक पूर्ण दिवस मिळेल. दुकाने आणि मॉलमधल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला महिन्यातून दोन रविवार हक्काने मिळावेत आणि पाळ्यांचा तक्ता किमान दोन आठवडे आधी भिंतीवर लागावा. बारा तासांच्या दैनिक मर्यादेचा निर्णय मागे घ्यावा. तो मागे घ्यायचा नसेल, तर बारा तासांच्या पाळीच्या बदल्यात सलग तीन दिवसांची सुट्टी लेखी आणि बंधनकारक करावी, म्हणजे समर्थनात दिलेले वचन कागदावर तरी येईल. आणि पुढचे वेळ-वापर सर्वेक्षण होईल तेव्हा कोण किती मिनिटे काय करतो याबरोबरच एका घरातली माणसे आठवड्यातून किती वेळ एकत्र मोकळी असतात, हेही मोजावे. तो आकडा समोर आला की कामाचे तास वाढवण्याचा प्रत्येक प्रस्ताव त्याच्याशी ताडून पाहता येईल.